डेमनच्या विनोदी लव्हस्टोरीज: वाचक परत परत विचारतात ते प्रश्न

डेमन, म्हणजे शिंगंबिंगं असलेला सैतानी प्राणी, ज्यात प्रेमात पडतो अशी एखादी विनोदी कादंबरी वाचून झाली की लोकांचे दोन टाइपचे मेसेज येतात, एक "अजून अशीच सांग ना" आणि दुसरा "हे लोकांना आवडतं तरी कसं". मधल्या सगळ्या शंका फिरून फिरून त्याच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. नवीन पुस्तकांचे स्पॉयलर यात नाहीत. फार जुन्या काही गोष्टींमध्ये पुढे काय होतं ते मात्र सांगितलंय.

हे नक्की काय असतं? हॉरर, कॉमेडी की रोमान्स?

रोमान्स, त्यातही पॅरानॉर्मल रोमान्स. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेची व्याख्या अगदी सरळ आहे, प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. पॅरानॉर्मल म्हणजे त्या दोघांपैकी निदान एक जण साधा माणूस नाही किंवा त्यांच्या जगाचे नियम वेगळे आहेत. विनोद हा सांगण्याचा सूर झाला. त्यामुळे हॉररच्या अपेक्षेने आलेला वाचक "भीतीच वाटली नाही" म्हणून चिडतो आणि नुसतं हसायला आलेला "शेवटी एवढी रडारड कशाला" म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात, फक्त त्यांना जे हवं होतं ते शेजारच्या शेल्फवर होतं.

एकाच पुस्तकाला कुणी पाच स्टार देतं, कुणी एक. एवढा फरक कसा पडतो?

कारण विनोद आणि आकर्षण, दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या असतात आणि इथे एकाच सीनमध्ये दोन्ही जमावं लागतं.

एक सीन बघा, तो अशा पुस्तकांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. नायिका एका जुनाट वहीतून मंत्र वाचते, एक अक्षर चुकतं आणि खोलीत डेमन उभा. शिंगं दिव्याच्या शेडमध्ये अडकलेली. तो गडगडाटी आवाजात "कोणी मला..." असं सुरू करतो आणि ती पटकन म्हणते, "हळू बोल, शेजारचे झोपलेत." तर तो पुढचं सगळं वाक्य कुजबुजत पूर्ण करतो. एक वाचक इथेच फिदा, कारण त्या एका वाक्यात सत्ता एकाकडून दुसरीकडे गेली. दुसरा वाचक इथेच पुस्तक मिटतो, म्हणतो हजारो आत्मे खाल्लेला प्राणी एवढ्यावर गप्प बसतो, मग कसला डेमन.

माझ्या मते निकाल पुढच्या पानावर लागतो. ज्याने बोलावलं त्याचा शब्द मोडता येत नाही असा जर त्या जगाचा नियम असेल आणि तो मनातून धुमसत असेल, तर विनोदाला आधार आहे, धोकाही शाबूत आहे. नियमबियम काही नाही, फक्त वाचकाने हसावं म्हणून तो कुजबुजला, तर दुसऱ्या वाचकाचं बरोबर आहे. या प्रकारात मी एवढंच बघते: तो डेमन आहे *म्हणून* गंमत होतेय, की तो डेमन असल्याचं विसरून?

आणि हो, स्टारच्या सरासरीवर जाऊ नका. गुडरीड्सवर (वाचक पुस्तकांना स्टार देतात ती वेबसाइट) दोन स्टारचा अर्थ "ठीक होतं" असा दिलेला आहे आणि तीनचा "आवडलं", पण कितीतरी लोक तीन स्टार नाराजी दाखवायला देतात. मजकूर वाचा.

तो वाईटच असणार ना? अशा हीरोच्या प्रेमात वाचकाने पडायचं कसं?

ही अडचण आजची नाही. बायबलच्या परंपरेतल्या तोबीतच्या ग्रंथात अस्मोदियस नावाचा डेमन सारा नावाच्या मुलीचे सात नवरे एकामागून एक लग्नाच्या रात्रीच मारतो, आणि शेवटी माशाचं काळीज आणि यकृत जाळल्याच्या धुराने पळून जातो, थेट वरच्या इजिप्तपर्यंत. म्हणजे भयंकर आणि हास्यास्पद, दोन्ही एकाच गोष्टीत.

पण तोच अश्मदाय या नावाने ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथामध्ये येतो तेव्हा फार वेगळा दिसतो. राजा सॉलोमनची माणसं त्याला साखळीने बांधून नेतायत आणि वाटेत एक आंधळा भरकटलेला दिसतो, तर हा त्याला रस्त्यावर आणून सोडतो. पुढे एक वरात लागते, तिथे सगळे नाचतायत आणि हा रडतो. मग एक माणूस चांभाराला सांगत असतो की सात वर्षं टिकतील असे जोडे कर, ते ऐकून हा हसतो. नंतर विचारल्यावर कळतं की तो नवरा मुलगा तीस दिवसांत मरणार आहे, आणि जोडेवाल्याकडे सात दिवससुद्धा नाहीत.

मला या एका प्रसंगात हा सगळा प्रकार दिसतो. तो हसतो आणि रडतो ते एकाच कारणाने, त्याला माणसांपेक्षा जास्त माहीत आहे म्हणून. जी पुस्तकं वाचकांच्या मनात राहतात त्यांच्यातला डेमन असाच असतो, त्याचं चांगलं वागणं आणि त्याचं परकेपण एकाच जागेतून येतं. ज्यांच्यात तो फक्त काळा कोट घातलेला तापट बॉयफ्रेंड असतो त्यांच्याबद्दल "शिंगं काढली तरी काही फरक पडला नसता" अशी तक्रार येते आणि ती रास्त आहे.

विनोदी, प्रेमळ डेमन ही हल्लीचीच फॅशन ना?

नाही हो. 1707 साली फ्रेंच लेखक लसाजने लंगडा, कुबड्या घेतलेला अस्मोदे आणला, तो बाटलीत अडकलेला असतो, एक विद्यार्थी त्याला सोडवतो आणि आभार म्हणून हा त्याला माद्रिदमधल्या घरांची छपरं उचलून आत लोक काय करतायत ते दाखवतो. त्या विद्यार्थ्याचं लग्न जमवण्यातही त्याचा हात आहे.

आणि 1772 मध्ये कझॉत या दुसऱ्या फ्रेंच लेखकाने चक्क प्रेमात पडलेल्या सैतानाची कादंबरिका लिहिली. एक तरुण अधिकारी पैजेपोटी सैतानाला बोलावतो, तो आधी उंटाचं भलंमोठं डोकं होऊन येतो, मग पांढरी स्पॅनियल कुत्री, मग पोरगेलासा नोकर, आणि त्या नोकराच्या वेषात निघते बियोंदेत्ता नावाची तरुणी. ती खरंच प्रेमात आहे की सगळा सापळा आहे हे वाचकाला शेवटपर्यंत नीट कळू दिलेलं नाही. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. पहिली आवृत्ती आल्यावर वाचकांनी तक्रार केली की शेवट फारच झटकन गुंडाळला, आणि कझॉतने 1776 च्या आवृत्तीत तो बदलला, वर शेवटी टिपण जोडून वाचकांना सांगितलंही की असं असं झालं. म्हणजे डेमनच्या लव्हस्टोरीचा शेवट पटला नाही म्हणून लेखकाकडे गाऱ्हाणं नेणं, याला अडीचशे वर्षं होऊन गेली.

प्रत्येक पुस्तकात नरक म्हणजे ऑफिसच का असतं? फॉर्म, बॉस, प्रमोशन... कंटाळा आला

कंटाळा समजू शकते, पण ही कल्पना आजकालच्या लेखकांनी एकमेकांची कॉपी करून काढलेली नाही. योहान वायर नावाच्या डॉक्टरने, जो चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याच्या विरोधात होता, 1577 मध्ये आपल्या ग्रंथाला 69 डेमन्सची यादी जोडली. त्यानंतरच्या गोएतिया नावाच्या यादीत 72 झाले. तिथे राजा, ड्यूक, मार्क्विस, अर्ल असे हुद्दे आहेत, प्रेसिडेंटसुद्धा आहे, आणि कुणाच्या हाताखाली किती पलटणी ते आकडे आहेत. सालोस नावाचा ड्यूक घ्या: शूर शिपायाच्या वेषात येतो, डोक्यावर ड्यूकचा मुकुट, मगरीवर बसून, स्वभावाने शांत, 30 पलटणींचा मालक, आणि त्याचं काम काय तर स्त्री-पुरुषांमध्ये प्रेम जुळवणं. रोमान्स लिहिणाऱ्याला अजून काय हवं!

तेव्हा ऑफिस असणं हा प्रॉब्लेम नाही. त्या ऑफिसचा गोष्टीवर परिणाम झाला पाहिजे. बॉसने बोलावलं तर त्याला खरंच तिला सोडून जावं लागतं का? जावं लागत असेल तर ऑफिस हवं, नाहीतर तो नुसता नेपथ्याचा पडदा.

नायिकेने करारावर सही केली, मग तिची संमती आहेच की. लोक एवढे का भडकतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर मला जरा लांबून द्यावं लागतं.

सैतानाशी लेखी करार ही गोष्ट युरोपात फार जुनी. अदानाचा थिओफिलस नावाचा एक धर्माधिकारी गेलेलं पद परत मिळावं म्हणून करार करतो, मग पस्तावतो आणि मेरीच्या कृपेने तो कागद परत मिळतो. ही कथा साधारण सहाव्या शतकातली. मग सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्ट नावाच्या विद्वानाच्या कथा, त्यावरच्या जर्मन कवी गटेच्या नाटकाच्या 1808 मध्ये छापल्या गेलेल्या पहिल्या भागात रक्ताची सही आहे. या सगळ्यात करार हा *आत्म्याचा* होता, प्रेमाचा नव्हता. आजच्या विनोदी रोमान्सने तोच कागद उचलून दोन माणसांच्या, म्हणजे एका माणसाच्या आणि एका डेमनच्या, मध्ये ठेवला आणि इथे गुंता झाला. कारण वाचकाला आता दोन गोष्टी एकदम हव्यात, करारातली गंमत (कलमं, पळवाटा, बारीक अक्षर) आणि तिने आपणहून केलेलं प्रेम.

करार तिला बांधून ठेवत असेल तोवर तिचं "हो" हे खरं हो आहे का, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून भडकतात, आणि मला ते पटतं. माझी स्वतःची कसोटी अशी: पहिल्या चुंबनाच्या वेळी ती "नाही" म्हणून दार उघडून निघून जाऊ शकते का, आणि तिला ते माहीत आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर करारावरचे कितीही जोक चालतात. चांगल्या पुस्तकांत बरेचदा तो स्वतःच कागद फाडतो किंवा मुदत संपल्याचं तिला सांगतो आणि *त्यानंतर* ती थांबते, वाचक त्या पानावर जे काही हार्ट टाकतात ते याच कारणाने. करार शेवटच्या प्रकरणापर्यंत चालू आणि मधल्या सगळ्या जवळिकीवर हसत हसत पडदा, असं असेल तर सही असली तरी मला ते चालत नाही.

आणि तो तिचे विचार वाचतो, मोहिनी घालतो, तेव्हा?

कसोटी वरच्या करारवाल्या प्रश्नातलीच. फक्त इथे एक फरक आहे, करार तिला दिसतो, मोहिनी दिसत नाही. जुन्या याद्यांत झेपार नावाचा डेमन आहे, बायकांना पुरुषांच्या प्रेमात पाडणं हेच त्याचं काम, आणि त्या वर्णनात बाईला काय वाटतं हे कुठेच नाही. आजच्या लेखिकेने ती शक्ती ठेवली तर तिला उत्तर द्यावं लागतं. सगळ्यात छान सुटतं ते, जेव्हा त्याची शक्ती सगळ्या जगावर चालते आणि हिच्यावर चालत नाही, आणि त्यामुळे त्याला आयुष्यात पहिल्यांदा साधं बोलून एखादीला हसवावं लागतं. ट्रोप (ठरलेला कथा-साचा) म्हणून झिजलाय, पण चालतो, कारण त्यात विनोद आणि संमती एकदम सुटतात.

पहिला अर्धा भाग हसून हसून पुरेवाट, मग विनोद गायबच. असं का होतं?

अगदी कॉमन तक्रार. सुरुवातीचा विनोद बहुतेक वेळा अनोळखीपणाचा असतो, त्याला टोस्टर कळत नाही, तिला शेपटी कुठे ठेवायची ते कळत नाही. दोघं एकमेकांना सरावले की हा साठा संपतो. नेमकी तेव्हाच कथेला संकट लागतं, मग लेखक एक नरकाधिपती आणतो, युद्ध होतं, सगळे गंभीर चेहऱ्याने बोलायला लागतात आणि वाचकाला वाटतं आपल्या हातातलं पुस्तक कुणी बदललं.

जमलेल्या पुस्तकांत विनोद थांबत नाही, जागा बदलतो. आधी तो तिच्या जगाला हसत होता, आता भीती वाटतेय म्हणून हसतोय आणि तिला ते ओळखू येतं. "तू जोक मारतोयस म्हणजे परिस्थिती वाईट आहे" असं ती म्हणते ना, त्या एका वाक्यात जवळीक पण आली आणि धोका पण. तुम्हाला हा मधला खड्डा खुपत असेल तर रिव्ह्यूमध्ये पुस्तकाच्या साधारण कितव्या टक्क्याला विनोद संपला तेवढं लिहा, बाकीच्यांना खूप उपयोग होतो.

नोकझोक आवडली पण प्रेम पटलं नाही. माझंच काही चुकतंय का?

काही चुकत नाहीये. नुसत्या टोमणेबाजीत दोघंही जिंकायला बघत असतात, आणि प्रेम पटायला कुणीतरी एकदा तरी मुद्दाम हरावं लागतं, म्हणजे जोक करायची संधी असून न करणं. तो सीन पुस्तकात शोधा, नसेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे.

तो हजारो वर्षांचा, ती पंचविशीतली. हे खटकू नये का?

खटकलं तर खटकू दे. बहुतेक वाचक आकड्याकडे दुर्लक्ष करतात जर ती पूर्ण सज्ञान असेल आणि तिचं स्वतःचं काम, मित्र, मतं असतील. खटकतं ते ज्ञानाचं ओझं, तो प्रत्येक वेळी "तुला नाही कळणार" म्हणतो तेव्हा. नायिका अठराच्या आतली असेल तर मात्र हा प्रश्नच उरत नाही, मी ते पुस्तक कुणाला सुचवणार नाही.

शेवटी तो माणूस होतो. मला फसवल्यासारखं वाटलं, इतरांना गोड वाटलं

अमर आणि मर्त्य यांची जोडी लावली की रस्ते मोजकेच उरतात: तो माणूस होतो, ती त्याच्यासारखी होते, किंवा ते दोघं आहेत तसेच राहून मधला काहीतरी नियम वाकवतात. (चौथा, म्हणजे ताटातूट, पहिल्या उत्तरातल्या व्याख्येत बसत नाही, आणि रोमान्स म्हणून विकलेल्या पुस्तकात तो आला की एक स्टार पडणारच.)

तो माणूस होतो याचा राग यायचं कारण साधं आहे, तीनशे पानं आपण शिंगांवर, जळक्या वासावर, विचित्र खाण्यावर प्रेम केलं आणि शेवटच्या दहा पानांत लेखकाने तेच सगळं बक्षीस म्हणून काढून घेतलं. जणू तो आधी अपुरा होता. याउलट, माणूस व्हावं ही त्याचीच इच्छा असेल, पहिल्यापासून पेरलेली, आणि त्याबदल्यात तो काय गमावतोय हे आपल्याला दिसलं असेल, तर तोच शेवट रडवतो. माझी पसंती तिसऱ्या रस्त्याला. पण वाचक म्हणून राग आला तर व्यक्त करा, कझॉतचं उदाहरण वर आहेच.

यात स्पाइस, म्हणजे उघडे प्रणयाचे सीन, किती असतात?

पुस्तकागणिक वेगळं. काहींमध्ये बेडरूमचं दार बंद होतं, काहींमध्ये सताड उघडं. कव्हरवरून ओळखू येत नाही, विनोदी कार्टून कव्हरच्या आत बऱ्यापैकी उघडे सीन असू शकतात. घरातल्या लहानांच्या हातात द्यायच्या आधी कंटेंट वॉर्निंग वाचा, हे कळकळीने सांगतेय.

मी श्रद्धाळू आहे, डेमन हीरो वाचवत नाही. पण सगळे मागे लागलेत

मग नका वाचू. ही नापसंती पूर्णपणे खरी आहे आणि ती समजावून सांगायची गरज नाही. रिव्ह्यू लिहायचाच असेल तर "विषयच मला चालत नाही" एवढं वर लिहा, म्हणजे पुस्तकाच्या लिखाणाबद्दलचं मत वेगळं राहतं.

ऑडिओबुक ऐकलं, जोक पडले. पुस्तक खराब की वाचणारा?

दोन्ही शक्य, पण या प्रकारात वाचणाऱ्यावर जास्त भिस्त. डेमनला सतत खर्जातला घोगरा आवाज दिला की गंभीर वाक्य आणि जोक एकाच सुरात येतात आणि कान फरक करत नाही. पहिलं प्रकरण छापील वाचून बघा, हसू आलं तर पुस्तकाला दोष देऊ नका.

अर्धवट सोडलं तर रेटिंग देऊ का?

द्या, पण कुठे सोडलं आणि का, हे लिहा. "करार सुटायच्या आधी सोडलं" हे वाक्य कितीही लांब रिव्ह्यूपेक्षा उपयोगी आहे. पुस्तक बाहेर यायच्या आधीच, न वाचता दिलेलं रेटिंग मात्र मला पटत नाही, मग ते पाच असो की एक. आणि नकारात्मक लिहिलं असेल तर लेखकाला टॅग करू नका. मत वाचकांसाठी आहे.

डेमन हीरो नसून हिरॉइन असेल तर सगळं उलटं होतं का?

कसोट्या त्याच, वाचकांच्या प्रतिक्रिया मात्र बदलतात. तो चिडला तर "किती इंटेन्स", ती चिडली तर "किती डोक्यात जाते", हे मी वारंवार वाचलंय आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

या बाबतीत मला कायम हिडिंबा आठवते. महाभारतात, आदिपर्वात, भाऊ तिला झोपलेल्या पांडवांना मारून आणायला पाठवतो आणि ती जागा असलेल्या भीमाच्या प्रेमात पडते. ती आधी काय करते, तर आपण कोण आणि कशाला आलोय हे त्याला सरळ सांगून टाकते. वर सुंदर रूप घेतलेलं असतं, पण हेतू लपवत नाही. नंतर युधिष्ठिर अट घालतो की दिवसा भीमाला कुठेही ने पण सूर्यास्ताच्या आत परत आणून सोड, आणि भीम सांगतो की मुलगा होईपर्यंतच हे चालेल. म्हणजे करारही आला, कलमंही आली, मुदतही आली, आणि बंधन सगळं तिच्यावर आहे. विनोदी लेखिकेला यात केवढी जागा आहे बघा, रोज संध्याकाळी नवऱ्याला त्याच्या भावांच्या स्वाधीन करायला धावणारी राक्षसीण! डेमन हिरॉइनचं पुस्तक हातात घेतलंत तर हेच तपासा, तिने खरं कधी सांगितलं आणि अट कुणाच्या गळ्यात पडली. पन्नास पानांत तिने खरं सांगितलं नसेल आणि तिचं खोटं बोलणंच विनोद म्हणून चाललेलं असेल, तर हीरोच्या बाबतीत जे म्हटलं तेच तिलाही लागू.